हंगामाचा पहिला बार

पिट्सबर्ग, ९ ऑक्टोबर २०२१

चि. व्हर्लिनला थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

फोनवर आपलं लगेच वाजतं, म्हणून लिहायला बसले. पत्राला निदान तू मध्येच तोडू शकत नाहीस. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण गाडी चालवायला अजून मनाई आहे. तू पाठवलेलं हरणाचं सुकं मांस डॉक्टरांना न सांगता संपवलं.

आता मुद्द्याचं. नोकरीभर मी अपघात विभागात गोळीच्या जखमा धुतल्या. रायफलची गोळी शिरते बोराएवढी आणि बाहेर पडते बशीएवढी. एका बाईच्या पोटात माझा हात मनगटापर्यंत बुडाला होता, आणि ती विचारत होती, नवरा जेवला का. गोळी त्यानेच घातली होती. निवृत्त झाल्यावर मी या कायद्यामागे लागले ते म्हणून. घरच्यांनी कोर्टात सांगायचं की हा माणूस कुणाच्या तरी जिवावर उठलाय. न्यायाधीशाला पटलं तर त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्यायच्या, डोकं ताळ्यावर आलं की परत द्यायच्या. विधेयक एका डेमोक्रॅट बाईने आणि एका रिपब्लिकन गृहस्थाने मिळून आणलंय. समितीत एकच मत कमी पडतंय, आणि ते तुझ्या आमदार दोस्ताचं आहे. हार्लन ट्रेक्सलर म्हणतो, शहरातल्या नर्सांनी आम्हाला बंदुका शिकवू नयेत. तू सांगितलंस तर ऐकेल.

आणि जॅनेलचं काय? तुझ्या लेकीने तुला सांगितलंय की नाही, माहीत नाही. तिच्या नवऱ्याने, कर्टिसने, तिच्या तोंडात रायफलची नळी कोंबली होती. पुढचा दात ती पडली म्हणून नाही, त्या नळीने तुटलाय.

माया आहेच, ती मागावी लागत नाही. उत्तर मात्र मागते.
तुझी, रोझलिंड

&nbsp;

खोऱ्यातून, १३ नोव्हेंबर २०२१

ती. ताईस व्हर्लिनचा सा. न., आणि भांडणाची पूर्ण तयारी.

दाताचं मला कळलंय. कळल्या दिवशीच जावयाला त्याच्या गॅरेजमध्ये गाठला. त्याचं नाक फुटलं, रक्त माझ्या बुटांवर सांडलं, तरी हात थांबेना. शेजाऱ्यांनी मला ओढून काढलं. मग तो पोरासारखा रडला आणि आपल्या हाताने सगळ्या बंदुका माझ्या कपाटात आणून ठेवल्या. इथली ही रीत तू शहरात जाऊन विसरलीस. माणसाचं बिनसलं, की त्याच्या बंदुका शेजाऱ्याकडे ठेव म्हणून राहतात. ना पोलीस, ना कोर्ट, ना तुझ्या त्या आमदारीणबाई. मग कायदा कशाला हवाय? हार्लनला मी काहीएक सांगणार नाही.

कर्टिसने दारू सोडलीय. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. थँक्सगिव्हिंगला टर्की खाऊन झाली की त्याची रायफल परत देईन. दोन दिवसांनी हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो, आणि त्याच्या पहिल्या दिवशी कुणाची ठेव अडवायची नाही, हीही रीतच. अडवली तर भर खोऱ्यात त्याला वेडा ठरवल्यासारखं होतं. जॅनेलच म्हणाली, बाबा, लोकांत त्याची लाज काढू नका, राग माझ्यावर निघतो.

उद्यापासून मी डोंगरावरच्या शिकारीच्या तळावर. तिथे फोन लागत नाही, त्यामुळे तुझी कटकट नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणापुरता खाली उतरेन.

गुडघा सांभाळ, जीभही सांभाळ.
तुझा, व्हर्लिन

&nbsp;

पिट्सबर्ग, १९ नोव्हेंबर २०२१

चि. व्हर्लिन,

आशीर्वाद नंतर, आधी वाच. रायफल देऊ नकोस.

तुझ्या घरचा फोन वाजवून वाजवून थकले. जॅनेलला लावला तर कर्टिसने उचलला आणि नको इतका गोड बोलला. ती अंघोळीला गेलीय म्हणाला. तीनदा लावला, तिन्ही वेळा ती अंघोळीलाच. पोलीस चौकीत फोन केला. ते म्हणाले, काही घडलं तर कळवा. घडल्यावर कळवायला मी जन्मभर त्याच विभागात होते रे!

राग तिच्यावर निघतो असं तुझीच पोर म्हणते, आणि तू ते पत्रात लिहून पुढे टर्कीचं सांगतोस? किल्ली हरवली म्हण. कपाट गंजलं म्हण. थोरल्या बहिणीने तमाशा केला म्हण. तुझ्या तोंडून नकार निघत नसेल तर माझं नाव घे, मला काय, मी आधीच वाईट आहे.

रोझलिंड

&nbsp;

खोऱ्यातून, ८ डिसेंबर २०२१

ती. ताईस,

काठी टेकत तू अंत्यविधीला आलीस आणि मी तुझ्याशी बोललो नाही. तुझं पत्र त्या दिवशी घरी परतल्यावर टपालाच्या पेटीत सापडलं. तळावरून जेवायला उतरलो तेव्हा मी पेटी उघडलीच नव्हती. जेवलो आणि कर्टिसच्या हातात रायफल दिली. त्याने थँक यू म्हटलं.

हे कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी मी आणि हार्लन तळाच्या कड्यावर बसलो होतो. नुकतं उजाडत होतं. खालून, कर्टिसच्या घराच्या बाजूने, बार ऐकू आला. मी खूश झालो. म्हणालो, हंगामाचा पहिला बार जावयाचा! थोड्या वेळाने दुसरा झाला, मग तिसरा. हार्लनने चिडवलं, एका हरणाला तीन गोळ्या, जावयाला नेम शिकव. आम्ही हसलो, ताई. थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि हसलो.

सगळ्या खोऱ्याने ते बार ऐकले आणि एकानेही दार उघडलं नाही. त्या दिवशी कोण उघडतं?

हरीण ओढायला मदत करू म्हणून हार्लन आणि मी खाली उतरलो. पहिली गोळी स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या खांद्यात गेली होती. ती रांगत फोनकडे निघाली होती. फरशीवर तिच्या पंजांचे लाल ठसे होते. दुसरी पाठीत. तिसरी जवळून, चेहऱ्यात. चेहरा नव्हता. मी तिला मोज्यांवरून ओळखलं, तूच विणलेले. कर्टिस पायरीवर बसला होता. म्हणाला, हिने माझ्या गोळ्या लपवून ठेवल्या होत्या.

मी त्याच्या कपाळावर बंदूक टेकवली आणि चाप ओढला. हार्लनने नळी वर ढकलली म्हणून छपराला भोक पडलं, नाहीतर त्याच्या डोक्याला पडलं असतं. त्याबद्दल हार्लनला मी अजून माफ केलेलं नाही.

व्हर्लिन

&nbsp;

पिट्सबर्ग, २१ मार्च २०२२

चि. व्हर्लिनला अ. उ. आ., आज जरा जास्तच.

समितीपुढच्या सुनावणीच्या गर्दीत तुला नीट भेटता आलं नाही. शिकारीची नारिंगी टोपी घालून तू आत आलास तेव्हा आमच्या बाजूच्या बायका दचकल्या. मी मात्र रडले.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही नकार का दिला नाही? तू म्हणालास, नाही म्हणायला माझ्यापाशी काही आधार नव्हता. न्यायाधीशाचा हुकूम असता तर म्हणालो असतो, मी देतो रे बाबा, पण कोर्ट देऊ देत नाही. त्याने शिव्या कोर्टाला घातल्या असत्या आणि माझी पोर जगली असती. तेव्हा हार्लनने मान खाली घातली. शेजाऱ्याकडची ठेवही कोर्टाच्या परवानगीशिवाय परत द्यायची नाही, हे कलम त्यानेच सुचवलं आणि मत दिलं. विधेयक आणणाऱ्या त्या आमदारबाईंनी ते लगेच मान्य केलं. आता सभागृह बाकी आहे.

तू रायफल दिलीस. गोळी त्याने झाडली. या दोन वाक्यांमध्ये तुला जन्म काढायचाय, आणि मी तुझ्याबरोबर आहे.

रोझलिंड

&nbsp;

खोऱ्यातून, २६ नोव्हेंबर २०२२

ती. ताईस सा. न. वि. वि.

विधेयक अजून सभागृहात अडकलंय, तू सांगतेसच. मी आणि हार्लन दोन्ही बाजूंच्या आमदारांची दारं वाजवतो. काही जण त्याला तोंडावर गद्दार म्हणतात, आणि तो त्यांना छपराच्या भोकाची गोष्ट सांगतो.

वळणावरच्या एल्डन रूपच्या बंदुका उन्हाळ्यापासून माझ्या कपाटात आहेत. त्याने बायकोला जिन्यावरून ढकललं होतं. परवा, थँक्सगिव्हिंगला, तो मागायला आला. माझ्यापाशी हुकूम नव्हता, कायदाही नव्हता. मी नाही म्हणालो. त्याने माझा ओठ फोडला, अंगणात उभं राहून साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. म्हणाला, पोरीला खाल्लंस आणि आता साधू झालास. मी ऐकून घेतलं. कपाट उघडलं नाही.

आज तळावर गेलो नाही. उजाडलं आणि खाली नदीच्या बाजूने पहिला बार झाला. मी एल्डनच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला, झोपेतच होती. काय झालं म्हणाली. मी म्हणालो, काही नाही, फक्त उचललास ते बरं केलंस.

तेवढ्यात दुसरा बार झाला, वरच्या अंगाने. तिथे कोणाचं घर आहे, त्यांचा नंबर शोधतोय.

हवा तेव्हा फोन कर, भांडायला कर. मी उचलेन.

तुझा, व्हर्लिन