चेनचे दात

गुरुवार, संध्याकाळ.

बोटं अजून ठणकतायत. शाहूपुरीतून आणलेली पितळी चेन लांब होती. पकडीनं वरचा एकेक दात उपटून आखूड केली. लग्नानंतरची माझी पहिली जीन्स, तीही स्वतः शिवलेली.

सासूबाईंनी उलटीपालटी करून बघितली. "झ्याक झालीया. सुनी म्हायेरला आलीया, तिला दे की. लेकीचं चालतंय. तुला कुठं घालायची हाय?"

आणि मी दिली! का दिली? ते दात मग कुणासाठी उपटत बसले होते?

वन्संनी पोट आत घेतलं, श्वास धरला. चेन काही वर जाईना. सासूबाई माझ्यावरच खेकसल्या, "माप चुकलं की गं तुझं!"

माप चुकलं नव्हतं. ते माझं होतं.