बोट आखडलं तर वचन होतं का?

तीर्थस्वरूप नर्मदामावशीला योगीराजचा सेलूहून दंडवत. गुडघे कसे आहेत? पेडगावला गाडीत चढता येतं ना? (मुद्दाम विचारतोय, कारण पुढे कळेल.) पत्र लिहितोय, कारण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "न्हाई" म्हणतेस.

तर मावशी, सुटलो एकदाचा! कॉलेजातली तासिकेवरची नोकरी टिकली. दहा विद्यार्थी जमले नाहीत तर तत्त्वज्ञान बंद आणि त्याबरोबर मीही, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. मग मी काय शिकवतो, कशावर संशोधन करतो, हे सांगत घरोघर हिंडलो. "वचन म्हणजे काय" यावर पीएच.डी. करतोय म्हटलं की लोक प्रेमाने चहा पाजायचे आणि पोरीला कॉमर्सला घालायचे.

शेवटी गुरांचा बाजार गाठला (तिथं लोक निदान उभे तरी राहतात). सटवाजी आणि दत्तराव एका बैलावरून हमरीतुमरीवर आले होते. रुमालाखाली बोटं दाबून सौदा पक्का झाला, असं घेणाऱ्या सटवाजींचं म्हणणं. दत्तराव ओरडत होते, "बोट आखडलं हुतं माझं! जबान कुटं दिली म्या?" मावशी, माझ्या प्रबंधाचा अख्खा तिसरा अध्याय धोतर नेसून समोर उभा! मला कुठलं राहवतंय? मनात नसताना दिलेलं वचन माणसाला बांधतं का, हे मी इतकं सविस्तर समजावलं, की बैल खाली बसला. दत्तरावांनी हात जोडले. "मास्तर, देतो ह्यो बैल. पोरीलाबी तुमच्या वर्गात घालतो. पन आता बास करा!" सटवाजींनीही घाईघाईने आपली पोरगी कबूल केली. त्या दोघींनी मैत्रिणी ओढून आणल्या आणि वर्ग भरला. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो बघ.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
योगीराज

ता. क. वर्ग भरला म्हणालो, पण पोरी नऊच आहेत. दहावं नाव मी तुझं सांगितलं. लग्नापायी बी.ए. राहिलं, हे तूच दर दिवाळीला ऐकवतेस. "मावशी नक्की येईल, माझं वचन," असं प्राचार्यांना बोलून बसलोय.

आणखी एक. आपल्याला न विचारता दुसऱ्याने दिलेलं वचन आपल्याला बांधतं का, हा माझा चौथा अध्याय. बांधत नाही, असं ठासून लिहून झालंय. तू आलीस तर सगळा पुन्हा लिहावा लागेल. लिहीन. सोमवारी सकाळच्या गाडीनं ये.