भैरवनाथ कुस्ती कंपनी कशाने बसली

चिंचवड
चैत्र वद्य, सन १९५७

प्रिय कोंडीरामदादा,

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत असते, ती आज राहू दे. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि वाचताना हसू नकोस, एवढंच मागणं आहे. माझी खोड तुला ठाऊक आहे. तंबूच्या तिकीटखिडकीत बसून मी काय काय थापा मारायची! 'आजची कुस्ती चुकवाल तर जन्मभर पस्तावाल, आज कोंडीराम वाघाला जित्ता सोडत न्हाई' असं ओरडत मी तिकिटं फाडायची, आणि तू मागे कनातीत माझ्याच हातची भाकरी खात बसलेला असायचास. तेव्हा सुमनने लिहिलंय म्हणजे त्यात मीठमसाला असणारच, असं तुला वाटेल. या पत्रात तसं काही नाही. तुझा विश्वास बसावा म्हणून सगळं पहिल्यापासून, जसं घडलं तसं लिहिते. शेवटचं आधी सांगितलं तर तू ते खरं मानणार नाहीस.

कंपनी करमणूक-कराने बसली, सिनेमाने बसली, पिंपरीत कारखाने आले आणि लोकांना पाळ्यांमुळे सवड उरली नाही म्हणून बसली, असं दौलतराव अजून सांगत फिरतात. मालक माणूस, काहीतरी सांगावंच लागतं. पण देहूरोडचे जवान, पिंपरी कॅम्पातले सिंधी, चाकणचे कांदेवाले, सगळे तेव्हाही सवड काढून येतच होते की! काळेवाडीत दोघा सख्ख्या भावांनी तुम्हा साल्या-मेहुण्यांच्या पायी एका विहिरीवर मोट धरायची बंद केली होती, एक यांच्या बाजूचा आणि एक तुझ्या. चाकणला तर एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, का, तर नवरदेव कर्दनकाळ कोंडीरामाच्या नावाने शिट्ट्या मारतो! बायका तुझ्या नावाने कडाकडा बोटं मोडायच्या आणि तू मला म्हणायचास, 'सुमे, आज झ्याक शिव्या पडल्या, पोट भरलं बघ.' शेवटी तू यांची मान काखेत धरून पिळायचास आणि हे मेल्यासारखे पडायचे. तंबूत रडारड व्हायची. मग हलगीवाला हळूच ठेका धरायचा आणि त्या ठेक्यावर 'मावळचा वाघ ज्योतीराम' एकेक अंग हलवत उठायचा. त्या उठण्यासाठीच तर लोक तिकिटं काढायचे.

कुस्त्या ठरवलेल्या आहेत, नुरा आहेत, हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. पण वैर खरं आहे, असं ते मानून चालले होते. ते मानणं टिकावं म्हणून दौलतरावांनी किती आटापिटा केला! एका तालमीचे दोन पैलवान एकमेकांशी लढत नाहीत, ही रीत आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून जाहिरातीत तुझं गाव बदललं, तालीम बदलली, तुला थेट सोलापूरकडचा करून टाकला. तुम्ही दोघांनी एका हॉटेलात चहा प्यायचा नाही, एका रस्त्याने जायचं नाही. भाऊबीजेला तू पवनेच्या काठाकाठाने, उसातून, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन तोंड लपवत यायचास. ओवाळताना मला इतकं हसू यायचं की ताटातलं निरांजन विझायचं. दादा, ते आपले चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग सोपानराव वस्ताद गेले. तुम्हा दोघांना लंगोट नेसायला शिकवणारा माणूस. कंपनी काढली तेव्हा त्यांनी तुम्हाला तालमीचं दार बंद केलं होतं, तरी वस्ताद तो वस्ताद. त्यांच्या तिरडीला पुढचे दोन खांदे पट्टशिष्यांचे, ही तालमीची रीत. दौलतराव हात जोडून सांगत होते, 'एकानं खांदा द्या, दुसऱ्यानं परस्पर नदीवर जा, धंद्याचं वाटुळं करू नका.' तुम्ही दोघांनीही ऐकलं नाही. ऐकायला नकोच होतं, असं मी आजही म्हणते. पण नेमका बाजाराचा दिवस. भर पेठेतून तिरडी निघाली आणि पुढच्या उजव्या खांद्याला मावळचा वाघ, डाव्या खांद्याला कर्दनकाळ! वाटेत तिरडी खाली टेकवली तेव्हा तू हमसून रडलास आणि यांनी आपल्या फेट्याच्या शेवाने तुझे डोळे पुसले. भाजीवाल्या बाया हातातली तागडी तशीच धरून बघत राहिल्या. तुमच्या दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं की लोकांना वस्ताद दिसतच नव्हते, तुम्ही दिसत होता.

त्यानंतरच्या खेळाला तंबू रिकामा राहील असं वाटलं होतं. तो खचाखच भरला. लोक चिडले असते, दगड मारले असते, तर कंपनी तगली असती, कारण चिडलेला माणूस परत येतो. ते हसले. तू आपटलंस की हसायचे, यांनी शड्डू ठोकला की हसायचे. 'पूस, पूस, डोळं पूस त्याचं' असं पोरं ओरडायची. आणि हे मेल्यासारखे पडले तेव्हा तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. कंपनी बसली ती अशी, दादा. दौलतरावांनी तंबू एका फिरत्या सिनेमावाल्याला दिला, तू गिरणीत गेलास आणि आम्ही इथेच राहिलो.

तू मुंबईला गेलास ते एका परीने बरं केलंस. गिरणीत तुला कोणी ओळखत नाही. इथे यांना कोण ओळखत नव्हतं? कासारवाडी स्टेशनवर हमाली धरली, तर पोतं पाठीवर घेतलं की कोणीतरी विचारायचंच, 'काय ज्योतीराम, पोत्यात भुस्सा भरलाय का रं?' कारखान्यात वॉचमनची जागा होती. तिथल्या साहेबाने हसत हसत विचारलं म्हणे, चोर आला तर त्याच्याशी आधी ठरवून घेणार का? हे घरी येऊन मलाच ते हसून सांगायचे, पण भाकरी तशीच ताटात राहायची. आधी दोन माणसांचं खाणारा माणूस. पुढेपुढे तर यांचा स्वतःवरचाही विश्वास उडाला. एकदा मला म्हणाले, 'सुमन, मला खरंच कुस्ती येत व्हती का गं?' मी चिडून म्हटलं, नसत्या चौकशा करू नका. तेव्हा तू इथे असायला हवा होतास. यांची ताकद अंगावर घेतलेला तू एकटाच.

यंदा यांनी मनात घेतलं की चाकणजवळच्या गावाच्या यात्रेत मातीत उतरायचं. तिकीट नाही, तंबू नाही, नुसता आखाडा. एक कुस्ती करायची आणि ती खरी. मी पुष्कळ भांडले. वय चाळिशीला टेकलेलं, इतकी वर्षं तुझ्या त्या पिळ्याने मानेची ही दशा, सकाळी उठल्यावर उशीवरून डोकं उचलायला मला हात लावावा लागायचा. मी म्हटलं, हरलात तर? तर म्हणाले, 'हरलो तरी चालंल. लोकांनी म्हणावं, ज्योतीराम हरला. हरला म्हणावं, बास.' पंचांमधले उद्धवराव आधी कुस्ती लावायलाच तयार नव्हते, म्हणे आमच्या देवाच्या आखाड्यात सोंगं नकोत. यांनी मूठभर माती उचलून ग्रामदेवाची शपथ घेतली, तेव्हा कुठे नगरकडच्या बिरू पैलवानाशी जोड लावून दिली. पंचविशीतलं, खोंडासारखं पोर.

कुस्ती फार सुंदर झाली, दादा. मी बायकांत बसून पाहिली. तिकीटखिडकीत बसून मला एकही कुस्ती धड बघता आली नव्हती, ही पहिलीच. बिरूने दोनदा खाली घेतलं आणि दोन्ही वेळा हे त्याच्याखालून सटकले. लोक हळूहळू गप्प होत चालले. म्हातारे पुढे सरकले. 'आरं, ह्याला येतंय की' असं माझ्यामागे कोणीतरी म्हटलं, आणि मी देवीला पाचव्यांदा हात जोडले. मग बिरूने मान धरून खेचलं. त्या पोराची काही चूक नाही, रीतीचाच डाव होता. हे पडले आणि पडूनच राहिले.

लोक हसायला लागले. आधी एक, मग सगळा आखाडा. 'आला, जुना खेळ आला!' कोणीतरी हलगीवाल्याला ढोसलं आणि त्याने तो उठायचा ठेका धरला. तोच, आपल्या तंबूतला. सगळी माणसं टाळ्या देत वाट बघत होती, वाघ आता कुठलं बोट हलवतो म्हणून. मी धावले तर बायकांनी माझा पदर ओढला, 'बस गं बाई, तुला तर ठावंच हाय सारं.' बिरू कळवळून ओरडत होता, 'मान मोडली, पाणी आणा, खरंच मोडली!' तर लोक म्हणतात कसे, ह्यो बी कंपनीतलाच दिसतोय. बिरू रडायला लागला तेव्हा तर त्यांना फारच मजा वाटली. उद्धवराव शेवटी खाली उतरले, यांच्या तळपायाला चिमटा काढून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा हलगी थांबली; लोक मात्र 'पंच बी सामील' म्हणत हसतच पांगले.

कांद्याच्या ट्रकमधून पुण्याच्या इस्पितळात नेलं. मानेखाली काही हलत नव्हतं, पण बोलणं शाबूत होतं. मला विचारलं, 'लोकं काय म्हणाली?' मी सांगितलं, लोक रडले, ज्योतीराम हरला म्हणाले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि हलकेच म्हणाले, 'खिडकीत बसलीयास व्हय गं?' माझं कोणी खरं मानत नाही, दादा, यांनीही मानलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास कमी कमी होत गेला आणि थांबला. मी कपाळावर हात ठेवून बसले होते, मलाही ते चटकन कळलं नाही.

चिंचवडला आणायला गाडी मिळेना, म्हणून पुण्यातच नदीवर अग्नी दिला. दौलतरावांनी दिला. सोबत बिरू आणि मी. आता गावाला सांगणार कोण, तर कंपनीचा मालक, तिकीट विकणारी बायको आणि ज्याच्याशी नुरा केली असं लोक समजतात तो पोरगा! शेजारच्या सोजराबाई भेटायला आल्या, तोंडाला पदर लावून बसल्या आणि उठताना आतल्या खोलीत डोकावून गेल्या. माझं कपाळ पुसलेलं बघून त्यांची सून म्हणाली, 'असलं सोंग करू न्हाई वहिनी, अशुभ असतंय.' 

आणि काल, तुझ्या चाळीत राहणारे मारुतराव सुट्टीला आले, ते दारात उभे राहून हसले. गावाकडून पत्रातून कळलेलं बोलणं त्यांनी तुझ्या कानावर घातलं होतं आणि तुझा निरोप आणला होता, की ज्योत्याला सांग, असलं मरण आजवर कोणी वठवलं न्हाई, परत तंबू टाकणार असंल तर गिरणी सोडून येतो, आणि हा फेटा त्याला माझ्याकडून. गुलाबी, जरीच्या काठाचा फेटा. मला तुझा राग आला, दादा, खूप आला. फेटा चुलीत घालायला उठलेही होते. मग वाटलं, तू तरी काय करशील? यांना मरून उठताना तुझ्याइतकं जवळून कोणी पाहिलंय? म्हणून रात्रभर जागून आज हे लिहिते आहे. ते उठणार नाहीत. हे जगात एका तरी माणसाने खरं मानावं, आणि तो तू असावास. सोमवारी तेरावा आहे. त्या दिवशी बाईला माहेरचं लुगडं लागतं, आणि मला तुझ्यावाचून भाऊ नाही. रंगीत आणू नकोस.

तुझीच,
सुमन