रोज दोन तांबे पाणी

छत्रपती संभाजीनगर,
शुक्रवार

प्रिय अरफा,

तुझा निरोप येऊन सव्वा महिना झाला. संशोधन सोडायचं, इथल्या कॉलेजात नोकरीला अर्ज करायचा, म्हणजे अम्मीजवळ राहता येईल. त्यासाठी मूळ प्रमाणपत्रं कुरिअरनं पाठव. तू तीनदा आठवण करून दिलीस आणि मी नुसतं "पाठवते, पाठवते" म्हणत राहिले. खरं सांगू? पत्र्याची पेटी त्याच दिवशी काढली होती. पण तुझ्या फाइलवर ती बारा पानं होती, 'अम्मी, मी दिवसभर काय करते' असं वर लिहिलेली. तू मराठीत लिहून ठेवलीस तेव्हा अब्बा गेल्यानंतरची माझी इद्दत, घरात बसायचे ते दिवस, चालू होती, वाचायला मन नव्हतं. या वेळी पेटीपाशीच बसून वाचली. प्रमाणपत्रांचं शेवटी सांगते.

सातवी शिकलेल्या बाईला तू पेशी समजावलीस, शाबास. तुझ्या अब्बांच्या शहागंजच्या दुकानात बियाण्यांच्या पुड्यांवरचं बारीक छापील वाचून माझं वाचन सुरू झालं, पण पानाच्या आत काय चालतं ते कुठल्या पुडीवर नसतं. मला कळलं ते असं. पेशी आपल्या रसात कॅल्शियम अगदी थोडं ठेवते. अळीनं पान कुरतडलं की दारं उघडतात, कॅल्शियम भसाभसा आत शिरतं आणि ती वर्दी पानापानाला पोचते. मग ज्यांना अळी शिवलीही नाही अशी पानंसुद्धा वाढायचं सोडून आपली साखर कडू रस करण्यात घालतात. शेजारच्या मुक्ताबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी आपल्या गल्लीवाणीच की! एकीचं दूध उतू गेलं, की आठ घरांत गॅस बंद."

आता माझी फजिती ऐक. गच्चीवरच्या अब्बांच्या टोमॅटोचं फळ न् फळ यंदा बुडाकडून काळं पडून सडायला लागलं. दुकान आता सुदर्शन चालवतो, त्याला दाखवलं. तो म्हणाला, "काकी, कॅल्शियम कमी पडतंय." कॅल्शियम म्हणजे चुना, एवढं मला ठाऊक. अब्बांच्या पानदानात चुन्याची डबी तशीच होती. अख्खी पाण्यात कालवली आणि कुंड्यांत ओतली. मुक्ताबाई वर आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "नजमाभाभी, आता कात-सुपारी बी टाका, तोंड रंगवूनच खाली येतील टमाटे!" दोघी लई हसलो. फळं सडतच राहिली. संध्याकाळी पानदान आवरताना ती रिकामी डबी हाताला लागली, तेवढ्यात तुझा फोन आला आणि मी रडले. तू विचारलंस काय झालं. मी म्हणाले, टोमॅटो सडले. तुला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तुझे दिवसाला चार फोन, आणि मग हा निरोप.

उत्तर तुझ्याच नवव्या पानावर होतं. कॅल्शियम मुळापासून फळापर्यंत पाण्याबरोबर चढतं. पाणी कधी धो धो, कधी ठणठणीत कोरडं, असं झालं तर मातीत असूनही फळाला पोचत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? अब्बा झाडांसाठी वेगळा ड्रम भरून ठेवायचे आणि पहाटे फजरच्या नमाजनंतर रोज प्रत्येक कुंडीला दोन तांबे घालायचे. ते गेल्यावर मी नळ आला की बादल्या ओतायचे आणि मधले सगळे दिवस गच्चीची पायरी चढायचे नाही. तिथं त्यांची खुर्ची आहे. हे तुला कधी बोलले नव्हते.

आता रोज जाते. दोन तांबे घालते, खुर्चीत बसते, त्यांच्याशी थोडं बोलते. बहुतेक वेळा भांडतेच. चुन्याच्या डबीवरून ते माझ्यावर चिडले असते, म्हणून आधी मीच चिडते. फळ कसं येतं ते बघूनच तुला लिहायचं ठरवलं होतं. काल पहिली सहा उतरवली, बुडापर्यंत लाल. त्यातली चार मुक्ताबाईंनी मागून नेली आणि एक न मागता.

बेटा, शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की वर्दी देऊन झाली की पेशी ते कॅल्शियम लगेच बाहेर उपसते. साचून राहिलं तर ती मरते. माझं त्या संध्याकाळचं रडणं तुझ्यापर्यंत पोचलं, मला बरं वाटलं. पण अळी माझ्या पानावर होती, तुझं पान शाबूत आहे. माझ्या काळजीनं तुझं काम थांबवू नकोस. म्हणून प्रमाणपत्रं पाठवत नाही. पाकिटात सहाव्या टोमॅटोच्या बिया आहेत, पुडीवर अक्षर माझं. खिडकीत लाव. प्रबंध देऊन झाल्यावरही इथं यावंसं वाटलं तर पेटी तुझीच आहे, येऊन उघड. तोवर दिवसाला एकच फोन कर, आणि तोही मी गच्चीवरून खाली आल्यावर.

तांब्यासकट तुझीच,
अम्मी