पंचमीच्या ओहोटीत राहिलेला बाप्तिस्मा

पनवेल, कोळीवाडा
बुधवार, वद्य अष्टमी (तिथी मोजून लिहिली आहे. का मोजली ते पुढे येईल.)

तीर्थस्वरूप वसुंधराआत्यास,
तुझी भाची पूर्वी हिचा साष्टांग नमस्कार.

वरच्या दोन ओळी लिहायला मला दोन दिवस लागले. 'तीर्थस्वरूप' लिहिलेलं आता चालेल का, आणि 'साष्टांग' म्हणजे नक्की किती अंगं, अशी शंका मला आली. शेवटी पास्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "पोरी, आत्याला नमस्कार कर. पूर्ण कर." म्हणून पूर्ण केला आहे.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मांडी घालून बसू नकोस म्हटलं असताना तू करंज्याच्या बंदरावर अजून मांडी घालून मासळी निवडतेस, हे मला होडी घेऊन तिकडे येणाऱ्या दादूकाकाकडून कळतं. छपराची कौलं शाकारलीस का? शेजारच्या सुरैय्याचाचींना सलाम सांग. त्यांच्या बकऱ्यांचीही खुशाली कळव. (बकऱ्यांची चौकशी उगाच केलेली नाही. पण तेही पुढे.)

तू महिनाभर माझा फोन उचलत नाहीस. मी सतरा वेळा केला. चूक माझीच होती. मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला आहे आणि बाप्तिस्मा घेणार आहे, असं सांगितल्यावर तू एवढंच विचारलंस, "मंग आता माझ्या हातचं जेवशील का नाय?" यावर कुठल्याही शहाण्या मुलीनं 'जेवेन' म्हटलं असतं. मी म्हटलं, "विचारून सांगते." तू फोन ठेवलास. आत्या, मला नाही म्हणायचं नव्हतं. खात्री नसताना हो म्हणू नये, हे तूच मला चुलीपुढे बसवून शिकवलंस. मी त्याच संध्याकाळी पास्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. तर उत्तर असं की जेवेन. बोंबलाचं कालवण असेल तर दोनदा जेवेन. उत्तर यायला महिना लागला, त्याबद्दल माफ कर.

आता मूळ गोष्ट. गेल्या रविवारी माझा बाप्तिस्मा ठरला होता आणि तो झाला नाही. दादूकाकानं तुला काहीतरी सांगितलंच असेल, पण तो हसत सांगतो, त्यामुळे अर्धंच कळतं. म्हणून सगळं लिहिते.

आमची मंडळी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका सळयांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमते. (माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस तिथून दोन गल्ल्या पुढे. जेवणाच्या सुट्टीत वरून गाणी ऐकू यायची म्हणून मी जिन्यात डबा खायला लागले, आणि तीन महिन्यांनी डबा घेऊन वर गेले.) पास्टर दयाराम हे नगरकडचे, पाथर्डीच्या बाजूचे. माणूस फार मऊ. बाप्तिस्म्याआधी सहा रविवार त्यांचा वर्ग असतो. ते सांगतात की पाण्यात जाऊन कोणी विश्वासणारा होत नाही. विश्वास आधी ठेवायचा, मन आधी फिरवायचं, आणि ते झालंय हे चारचौघांत सांगायला पाण्यात उतरायचं. पाण्याखाली जाणं म्हणजे जुना माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नव्यानं उठणं. एवढं साधं. बाकीचे चौघे माना डोलवत होते. मी वही काढली.

मी विचारलं, जुनी पूर्वी पुरली जाताना वेणी वर तरंगली तर? नाक दाबलेलं चालतं का? दाबलं तर कोपर पाण्याबाहेर राहतं, मग कोपर जुनं राहील का? पास्टर म्हणाले, देव कोपर मोजत नाही. पश्चात्ताप करायचा म्हणून मी आठवतील तेवढ्या पापांची यादी केली, पहिलीपासूनची. दोनशे पानी वहीची बावीस पानं भरली. पास्टरांनी शेवटची तीन पानं वाचली ('शांतीताईंचा केक आवडला असं म्हटलं, आवडला नव्हता' इथपर्यंत आले) आणि वही मिटून परत दिली. म्हणाले, "देवाला हे सगळं ठाऊक आहे आणि त्यानं माफही केलंय. यात ज्यांचं काही देणं लागतेस त्यांच्याकडे जा. मला कशाला वाचायला लावतेस?" या वहीतला एक्केचाळीस नंबर तुझा आहे. तो शेवटी सांगते. आत्ता धीर होत नाही.

हॉलमध्ये पाण्याची टाकी ठेवायला खालच्या दुकानदारानं नकार दिला, कारण स्लॅब गळतो आणि सळया गंजतात. आपट्याला नदीवर जायचं तर टेम्पो करावा लागतो. म्हणून पास्टरांनी शुक्रवारी आपल्या कोळीवाड्यामागची खाडी ठरवली. रविवार, सकाळी दहा. मी मनातल्या मनात बोटं मोजली. रविवारी वद्य पंचमी. आणि तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ही पाऊणकी तर मला तुझ्या मांडीवर बसल्यापासून पाठ आहे. एक पाऊण, दोन दीड, तीन सव्वादोन, चार तीन, पाच पावणेचार. (बाकीच्या मुलांना अंकगणित शाळेत आलं, मला भरतीत आलं.) पंचमीची भरती पावणेचारला, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास ठार ओहोटी. खाडीत पाणी नसणार, नुसता चिखल.

हे मी बोलले नाही. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात शांतीताई (आमच्या मंडळीतल्या, स्वभावानं चांगल्या, केकाचं सोडून) म्हणाल्या होत्या की विश्वासात आल्यावर मुहूर्त-बिहूर्त बघायचा नाही. मला वाटलं, तिथी मोजणं म्हणजे मुहूर्त बघणंच. मी तोंड दाबून बसले. एवढंच नाही, चुकून नजर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं. त्याचा परिणाम असा झाला की शनिवारी संकष्टी आहे हे बाबांना कळलंच नाही आणि ते दुपारी सुकट-भाकरी जेवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा उपास मोडला. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे आरती ऐकू आल्यावर ते उठले, कॅलेंडर सरळ केलं, माझ्याकडे बघितलं आणि जाळं घेऊन ओट्यावर जाऊन बसले. आत्या, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा नेम सांभाळायला मी त्यांचा नेम मोडला. हे वहीत बाविसाव्या पानावर शेवटचं लिहिलं आहे.

रविवारी आम्ही पाच जण पांढरे कपडे घालून धक्क्यावर पोचलो. बाकी चौघांचं कोणी ना कोणी कोरडा टॉवेल घेऊन आलं होतं. समोर खाडी नव्हती. होता तो गुडघाभर चिखल, त्यात उड्या मारणारे निवटे, आणि लांब पलीकडे चकाकणारी पाण्याची एक रेघ. पास्टरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्यांच्या गावी पाणी चार दिवसांनी टँकरनं येतं. ते काळजीनं म्हणाले, "आज पाणी सुटलं नाही का हो?"

दादूकाका उपड्या होडीवर बसून डांबर लावत होता. (तो म्हणतो योगायोग. रविवारी डांबर लावताना मी त्याला जन्मात बघितलेलं नाही.) तो म्हणाला, "पास्टर, देवाला इचारलंत, पन भरतीला नाय इचारलंत!"

पास्टरांना वाटलं, थोडं पुढे गेलं की पाणी लागेल. त्यांनी पँट दुमडली, प्रार्थना केली आणि चार पावलं टाकली. पाचवं पाऊल निघालं नाही. ते पांढऱ्या शर्टात मधोमध शांतपणे खाली जायला लागले. लोखंड बाजारात क्रेन चालवणारा परेश ओरडला, "थांबा, क्रेन आणतो!" आणि खरोखर निघाला होता, त्याला धरून बसवलं. मी कोळ्याची पोर. चिखलात धावायचं नसतं, हे मला चालता यायच्या आधीपासून माहीत आहे. तरी मी धावले, कारण हे सगळं माझ्या गप्प बसण्यानं झालं होतं. पास्टर गुडघ्यापर्यंत होते, मी कमरेपर्यंत गेले.

दादूकाकानं होडीची फळी सरकवली आणि पोटावर आडवा होऊन आम्हाला ओढायला लागला. ओढता ओढता बोलत होता. "पास्टर परगावचा मानूस, त्याला नाय कलला. तुला नाय कलला? वसूच्या हाताखालची पोर तू!"

मी म्हटलं, कळलं होतं. मला शुक्रवारपासून माहीत होतं.

धक्क्यावरचे सगळे माझ्याकडे वळले. निवटेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. मग मी चिखलातूनच तिथी, मुहूर्त, कॅलेंडर, संकष्टी, सगळं सांगितलं. पास्टर हसायला लागले, इतके की आणखी चार बोटं खाली गेले. म्हणाले, "पूर्वी, दिवस शुभ की अशुभ ते बघणं वेगळं आणि पाणी आहे की नाही ते बघणं वेगळं. भरती ज्यानं केली त्याचीच आहे ना ती? मोजायचीस की!" मग फळी धरता धरता, "आणि माहीत असून सांगितलं नाहीस, ते मात्र वहीत लिही."

बाहेर निघाल्यावर मी एकच विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला झोप लागली नसती. मी कमरेपर्यंत पुरले गेलेच आहे, तर यातलं थोडंफार धरतात का? पास्टर बूट शोधत होते (एक अजून खाडीतच आहे). म्हणाले, "पुरली गेलीस खरी. उठायचं राहिलंय."

घरी बाबांनी मला दारात अडवलं. अंगणातल्या नळाला पाइप लावला आणि डोक्यावर धार सोडली. चिखल वेणीत वाळला होता. त्यांनी वेणी सोडली, बोटांनी केस मोकळे करायला गेले, त्यांना जमेना. आई गेल्यानंतर हे काम करंज्याला तू करायचीस. ते पाइप धरून उभे राहिले आणि महिनाभरात पहिल्यांदा माझ्याशी एक वाक्य बोलले. "हे तुज्या आत्याचं काम हाय." मग पाइप माझ्या हातात देऊन आत गेले. मला रडू आलं, पण पाणी चालू असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

आता पास्टरांनी दिवस ठरवायचं काम माझ्यावर टाकलं आहे. येत्या रविवारी वद्य द्वादशी. पाऊणकीत बारा नऊ. म्हणजे सकाळी नऊला भरती. हे बरोबर आहे ना? एखादी तिथी क्षयाची असली तर घोळ होईल. तू तुझ्या भिंतीवर बघ, बोटांवर मोज आणि दादूकाकाच्या हाती उत्तर पाठव. हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं आहे. दुसरं काही नाही.

गुडघ्याला जप. तुझा आशीर्वाद माझ्या डोक्यावर आहे असं मी धरून चालले आहे. नसेल तर तसं कळवू नकोस.

तुझीच,
पूर्वी

ता. क. वर 'दुसरं काही नाही' लिहिलं ते खोटं आहे. भरती नऊलाच आहे. मी फोनवर बघितली, दादूकाकाला विचारलं, आणि बाबांनी कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात पेन्सिलीनं नऊचा आकडा लिहिलेला मला आज सकाळी दिसला. मला तुझा हिशेब नको आहे. आमच्यात पाण्यातून वर येणाऱ्याला काठावर आपलं माणूस कोरडं करतं. पास्टरांच्या यादीत परेशपुढे त्याच्या आईचं नाव आहे, शांतीताईंच्या सुनेपुढे शांतीताईंचं. माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. रविवारी मी माझा टॉवेल पिशवीतून स्वतःच आणला होता. तू येशील का? तुला पाण्यात उतरायचं नाही, गाणं म्हणायचं नाही, डोळेसुद्धा मिटायचे नाहीत. फक्त काठावर उभं राहायचं.

ता. क. २. बाबा येणार नाहीत. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. फक्त रविवारी पावणेनऊला त्यांना होडीला डांबर लावायचं आहे. (होडीला या आठवड्यात तिसऱ्यांदा डांबर लागतंय.) तू कुठल्या एसटीनं येशील ते कळव, स्टँडवर कोणीतरी असेल, असंही ते भिंतीकडे बघून म्हणाले.

ता. क. ३. एक्केचाळीस नंबर. मला सातव्या वर्षी पनवेलला परत आणलं, तेव्हा तुझा निळ्या चौकड्यांचा पंचा दोरीवरून नाहीसा झाला होता. तो सुरैय्याचाचींच्या बकरीनं खाल्ला असं तू म्हणालीस, चाचींशी चार महिने बोलली नाहीस, आणि ती बकरी मरेपर्यंत तिला चोर म्हणत होतीस. आत्या, बकरी निर्दोष होती. तू ज्यानं माझं डोकं पुसायचीस तो पंचा मी दप्तरात लपवून आणला. सोळा वर्षं माझ्या उशीखाली आहे. विरलाय, पण पाणी टिपतो. चाचींना आधी सांग, मग ये. आणि येताना टॉवेल आणू नकोस.