ठिपक्यांची रेघ

जठारपेठ, अकोला. मंगळवार, ५ जुलै २००५

आज बार्शीटाकळीच्या शाळेत फळ्यावर मुलींच्या शिक्षणाचा आलेख काढला. श्रीलंका आणि आपण. वीस वर्षांनंतरचा अंदाज ठिपक्यांच्या रेघेने. दहावीची मार्कशीट न्यायला आलेल्या सुजाताने आपल्या देशाच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "मॅडम, याच्यात मी हाओ का?"

दारातून तिचा बापच बोलला, "अकरावीसाठी रोज अकोल्याले कोन नेईन तिले? झालं तेवढं पुष्कळ झालं."

आणि मी फळा पुसायला घेतला! कावून, का नाही अडवलं मी त्याला? ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

अगं मास्तरीणबाई, तुझी सकाळची बस तुला शाळेपुढे उतरवून अकोल्यालाच तर परतते. कंडक्टर ओळखीचा. उद्या मी उतरणार, सुजाताला माझ्याच सीटवर बसवणार. बाप अडला, तर त्यालाही तिच्या शेजारी बसवीन.