माझं पोट ठणठणीत आहे

ऐक, डॉक्टरांची उद्याची अपॉइंटमेंट रद्द कर. माझं पोट ठणठणीत आहे. गेले चार महिने मी रोज वीस मिनिटं बाथरूममध्ये बसत होते ती पालथ्या बादलीवर, स्वेटर विणत. या घरात आतून कडी लागणारी तेवढीच एक जागा आहे. लोकर आणि सुया मळक्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी असायच्या. तिथे तुझा हात जाणार नाही याची खात्रीच होती. आईंना मात्र तू उगाच घोर लावलास, त्यांना फोन कर.

स्वेटर मोठीच्या अंगावर आहे. काढूच देईना, तशीच झोपलीय. डावी बाही बोटभर लांब आहे, कारण त्या दिवशी धाकटा दारावर लाथा मारत होता आणि मी ओळी मोजताना चुकले. उसवणार नाही.

तुम्ही तिघं दुपारचे गाढ झोपलाय, म्हणून ही चिठ्ठी. मी धाकट्यासाठी लोकर आणायला चाललेय, सावकाश येईन. उठल्यावर दोघांना दूध दे.

आणि आजपासून विणकाम हॉलमध्ये, खिडकीपाशी, सगळ्यांदेखत. बाथरूमचं दार बडवू नका. आत फक्त बादली आहे.